श्रीलंका : तुम्हाला तिथे काय दिसलं? अनुभव लिहा

ऑगस्टमध्ये आम्ही दहा दिवस श्रीलंकेत होतो. मी, नवरा आणि 74 वर्षांचे सासरे. परत आल्यापासून जो तो विचारतोय, "समुद्रकिनारे सोडून काय आहे तिथे?" म्हणून हा धागा. जाऊन आलेल्यांनी एखादंच ठिकाण निवडावं आणि त्याबद्दल मनापासून लिहावं. हॉटेलं आणि खर्च यांची माहिती कुठेही मिळते.

सुरुवात मी करते. सिगिरिया. सपाट जंगलातून एकदम उसळलेला जवळजवळ 200 मीटरचा कातळ आणि त्याच्या माथ्यावर पाचव्या शतकातल्या काश्यप राजाचा महाल. गडकिल्ले चढणाऱ्याला उंचीचं फारसं काही वाटणार नाही. थांबवतात ती अर्ध्या वाटेवरची चित्रं. कमरेपर्यंत ढगात बुडालेल्या, हातात फुलं घेतलेल्या स्त्रिया. अजिंठा पाहिलेला असेल तर ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. फोटोला बंदी आहे, त्यामुळे सगळे नुसते बघत उभे असतात. खालच्या घोटीव भिंतीवर आठव्या ते दहाव्या शतकातल्या प्रवाशांनी या स्त्रियांना उद्देशून कविता कोरल्या आहेत. सेनरत परणविताना या पुरातत्त्वज्ञांनी त्यांतल्या 685 वाचून प्रसिद्ध केल्या. हजार वर्षांपूर्वीचा अनुभव धागाच तो!

सासरे माथ्याच्या जिन्याशी असलेल्या दगडी सिंहाच्या पंजांपर्यंत आले आणि तिथेच सावलीत बसले. आमच्या चालकदादांनी त्यांना काश्यपाच्या वडिलांची, धातुसेन राजाची कथा सांगितली. दडवलेलं धन दाखव म्हणून मुलाने वेठीला धरलं, तेव्हा धातुसेन त्याच्या माणसांना आपण बांधलेल्या कलावेव तलावावर घेऊन गेला. पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि म्हणाला, माझी संपत्ती ती एवढीच. पुढे मुलाने त्याला मारवलं. मी माथ्यावरून खाली आले तर सासऱ्यांचं ठरलेलं होतं, "उद्या तो तलाव बघायचा." किनाऱ्यावरचा एक दिवस कमी केला आणि गेलो. वेव म्हणजे तलाव. लांबच लांब बांध, कमळं, बगळे, संध्याकाळी आंघोळीला आलेली माणसं. सासऱ्यांनी काठावर बसून ओंजळभर पाणी घेतलं. बोलले काहीच नाहीत.

*

ताई, तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. मी साताऱ्याचा, धरणांच्या कामात 31 वर्षं काढलेला माणूस. लोक स्तूप बघायला जातात, मी बांध बघायला गेलो होतो.

खोल तलावातून पाणी सोडताना मुख्य अडचण असते दाबाची. मोरीतून पाणी इतक्या जोरात सुटतं की भराव पोखरला जातो. इथल्या कारागिरांनी त्यावर बिसोकोटुव काढलं. म्हणजे बांधाच्या पोटात दगडाने बांधलेली चौकोनी विहीर. पाणी आधी तिच्यात येतं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग हवं तेवढंच पुढे सोडता येतं. हे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं काम! मी त्या दगडांवर हात ठेवून उभा राहिलो आणि डोळे भरून आले.

कलावेवचं पाणी अनुराधपूर या जुन्या राजधानीपर्यंत नेणारा जयगंगा कालवा 87 किलोमीटरचा आहे. उतार इतका कमी की डोळ्यांना कळतच नाही. त्याला भराव फक्त खालच्या अंगाला आहे, वरचं अंग मोकळं. त्यामुळे पावसाचं पाणी वाटेत आपसूक येऊन मिळतं आणि गुराढोरांना कुठेही उतरून पिता येतं. कोकणातल्या माणसाने हे आवर्जून बघावं. श्रीलंकेच्या या भागात पाऊस कोकणापेक्षा कमी आणि तलाव पावलोपावली.

*

जय भीम. आम्ही नागपूरचे. माझी आई दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाते. तिथला बोधिवृक्ष अनुराधपूरच्या महाबोधीच्या फांदीपासून वाढलेला, म्हणून मूळ झाड बघायची तिची इच्छा फार जुनी. बाबासाहेब 1950 मध्ये बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत गेले होते, हेही ती सारखं सांगते.

पौर्णिमेला तिथे पोया म्हणतात आणि सुट्टी असते. आम्ही मुद्दाम त्या दिवशी गेलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळं. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेच्या बोधिवृक्षाची आणलेली फांदी आज सोनेरी टेकूंवर विसावलेली आहे. आईला सिंहली येत नाही. शेजारच्या आजींनी "नमो तस्स" सुरू केलं आणि आईने दुसऱ्याच शब्दाला सूर मिळवला. उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. पंचशील होईपर्यंत दोघी एकत्र म्हणत होत्या. निघताना आजींनी खाली पडलेलं एक पान आईच्या ओच्यात ठेवलं. आमच्या घरी ते वंदनेच्या पुस्तकात आहे.

(दुपारी जाणार असाल तर सोबत मोजे ठेवा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दगड अक्षरशः भाजतो.)

*

गोव्याहून लिहितोय. कँडीच्या दंतमंदिरात बुद्धाचा दात आहे. पोर्तुगीजांनी 1560 मध्ये जाफना लुटलं तेव्हा तिथे मिळालेला एक दात गोव्यात आणून नष्ट केला. खरा दात त्यांच्या हाती लागलाच नव्हता, अशी सिंहली लोकांची श्रद्धा आहे. आपल्या गावाचा हा संबंध मला त्या मंदिरात कळला. पेटी असलेल्या खोलीसमोर मी बराच वेळ हात जोडून उभा होतो.

*

मी चेन्नईत वाढलेली मराठी. त्यामुळे तमिळ येतं, आणि त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो डोंगरात.

कँडी ते एल्ला रेल्वे सुंदर आहे, त्यात वाद नाही. धुकं, चहाचे उतार, डब्यात गरम डाळवडे. पण नुवर एलियाजवळ मी मळ्यातल्या एका अक्कांशी तासभर बोलले. इथे आधी कॉफी होती. पानांवरच्या रोगाने ती गेली आणि चहा आला. 1867 मध्ये जेम्स टेलरने पहिला मळा लावला. खुडायला माणसं आणली तमिळनाडूतून. 1948 च्या कायद्याने त्यांतल्या लाखोंचं नागरिकत्व गेलं. अक्का म्हणाल्या, "माझी आजी इथेच जन्मली आणि इथेच मेली, पण देश तिला कुठलाच नव्हता." त्यांची बोटं खुडून खुडून काळी पडली होती. त्या उतारांचे फोटो जरूर काढा. पण भाषा येत असेल तर दोन शब्द बोलाही.

*

धागा काढला तेव्हा एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. साताऱ्याच्या काकांनो, सासऱ्यांनी तुमचा मजकूर दोनदा वाचून घेतला. त्यांच्या वतीने आणखी एक लिहिते.

मिन्नेरिया तलाव महासेन राजाचा, तिसऱ्या-चौथ्या शतकातला. ऑगस्टमध्ये पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं. त्यासाठी आसपासच्या रानांतले हत्ती उतरतात. आम्ही 4 वाजता पोहोचलो तेव्हा थोडेच होते. मग झाडीतून एकेक कळप येत गेला. पिल्लं आयांच्या पायांमध्ये, वर पाणकावळे. सासरे बोटांवर मोजत होते, 112 पर्यंत मोजले आणि अंधार पडला. चालकदादा म्हणाले, इथे महासेनाला देव मानून पूजतात. सासऱ्यांनी विचारलं, देऊळ कुठे आहे? आणि आमची जीप त्या बाजूला वळली.