केअरटेकर मावशींचं काम: 'सेवा' म्हणून पैसे दाबायचे का?

सांजवेळ (धागाकर्ती)
बाबांना पक्षाघात झाल्यापासून आठ महिने घरी ब्युरोची (घरी रुग्णसेवेला माणसं पाठवणाऱ्या संस्थेची) मावशी आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. रविवारी तिनं महिन्याला दोन हजार वाढवून मागितले. भाऊ म्हणाला, "सेवेचं काम आहे, पैशात मोजू नये." तो स्वतः सीए आहे, मोजायचेच पैसे घेतो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाखालची चादर बदलून बघा एकदा. ती बाबांना एका कुशीवर घेते, मळकी चादर लांबीत गुंडाळून पाठीला भिडवते, तिच्या बाजूला धुतलेली अर्धी अंथरते आणि मग त्या उंचवट्यावरून बाबांना अलगद दुसऱ्या कुशीवर आणते. दोन मिनिटांत मोकळी. मी केलं तेव्हा बाबा घामाघूम, मी पण. हे कसब आहे, त्याचे पैसे द्यावेत.

पेन्शनवाला
पटलं नाही. हिच्या दोन पाळ्यांच्या मावश्या, डायपर, फिजिओ, यातच माझी पेन्शन संपते. वाढीव दोन हजार आणायचे कुठून? आणि 'ट्रेन्ड' म्हणून काय पाठवतात! एकीनं लघवीची पिशवी पलंगाच्या कठड्याला टांगली, पोटापेक्षा उंच. नळीतली लघवी उलटी आत. मग ताप, इन्फेक्शन, पाच दिवस अ‍ॅडमिट. कसब म्हणे.

चष्मेबद्दूर
काका, एएनएमचा, म्हणजे सहायक नर्सचा, कोर्स दोन वर्षांचा, वर कौन्सिलची नोंदणी. जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे रुग्णाच्या मदतनीसाचा, काही महिन्यांचा. शिकलेली बाई हवी, पण पैसे न शिकलेलीचे, असं कसं जमेल?

गोधडी
सगळं पैशावर नका नेऊ. मुंबईच्या केईएममध्ये, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं तिथल्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी सांभाळलं. अंगावर एकही बेडसोर (पडून राहून होणारी जखम) नव्हता, हे सुप्रीम कोर्टाच्या २०११च्या निकालातही आलंय. पगारासाठी होतं का हे?

चष्मेबद्दूर
नुसतं पगारासाठी नाही. पण पगार होता ना! महापालिकेचं रुग्णालय आहे ते. पाळी संपली की दुसरी सिस्टर हजर. ब्युरोच्या बाईची एक सुट्टी म्हणजे एक खाडा. माया दोन्हीकडे असेल, पण तिला पोट सांभाळून माया करावी लागते.

नाइट ड्यूटी
मी हेच काम करते, पुण्यात, सहा वर्षं. मुलगी टाइप करून देतेय. तुम्ही देता त्यातून ब्युरो कापून घेतो, ते कुणी बोललंच नाही. पिशवी वर टांगणारीला मी पण झापलं असतं. मला हॉस्पिटलात एका सिस्टरनं शिकवलं: दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीनं भरवताना उशाकडची बाजू उंच आणि भरवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

काम आवडतं मला. एक आजी चार महिने एक शब्द बोलल्या नव्हत्या. वेणी घालताना एकदम म्हणाल्या, "घट्ट नको." मुलगा आतून पळत आला, मला म्हणाला, "परत घाला, परत घाला." दुसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत, पण हसल्या.

त्या गेल्या तेव्हा पहाटे अंग मीच पुसलं. नऊला ब्युरोचा फोन, "कोथरूडला जाल का?" गेले. बसून राहिले तर पगार कोण देणार?

पेन्शनवाला
ताई, तुमच्यासारखी मिळाली तर वाढवून देईन. पण दोन नाही, एक हजार.

सांजवेळ
काका, इथे पण घासाघीस?

नाइट ड्यूटी
करू देत की. काका, एक हजार आणि रविवारची सुट्टी, न कापता. बोला.

पेन्शनवाला
रविवारी हिला कोण उठवणार? महिन्याला दोन रविवार घ्या.