मदत हवी आहे: दंतकथा सांगताना ‘म्हणाला’, ‘मग’ आणि ‘म्हणे’ कसे सांभाळू?

मुलांसाठी आर्किमिडीजची दंतकथा माझ्या शब्दांत लिहिते आहे. राजा हिएरॉनला मुकुटातल्या सोन्याबद्दल शंका येते, आर्किमिडीज अंघोळीच्या टबात उतरतो, पाणी बाहेर सांडतं आणि तो ‘युरेका’ ओरडत तसाच धावत सुटतो. गोष्ट एवढीच, पण पहिल्या खर्ड्यात ‘म्हणाला’ अकरा वेळा आणि जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘मग’ने सुरू!

‘मग’ची गर्दी ‘उतरताच’, ‘तेवढ्यात’, ‘तोवर’ वापरून बरीच कमी झाली. ‘म्हणाला’च्या जागी बजावलं, विनवलं, कबूल केलं असं घालून पाहिलं. तिथे कर्त्याचं रूपही बदलतं, ‘राजा म्हणाला’ पण ‘राजाने बजावलं’, ते सांभाळलं. तरी अशी वजनदार क्रियापदं सलग आली की संवाद मागे पडतो.

खरी अडचण ‘म्हणे’ची आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअसने ही हकीकत लिहिली ती आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. त्यामुळे हे ऐकीव आहे, हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं असं मला वाटतं. पण ‘तो म्हणे रस्त्यावर धावला’ यात अविश्वासाची छटा येते, आणि मला गोष्टीची टिंगल करायची नाही. सुरुवातीला एकदाच ‘अशी आख्यायिका आहे की’ म्हणून पुढे सरळ भूतकाळात सांगितलं तर चालेल का? की मध्ये कुठे ‘असं सांगतात’ यायला हवं?

एखादं वाक्य लिहून दाखवलंत तर फार मदत होईल.