मदत हवी आहे: बेळगावच्या पावसात गुग्गुळ आणि लोबान कुंडीत कसे जगवावेत?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात शहापूरला राहते. गच्चीवर बुंधा फुगणारी झाडं वाढवते. अडेनियम घरोघरी दिसतं, पण मला खरी ओढ डिंक देणाऱ्या झाडांची. सध्या गुग्गुळ (कॉमिफोरा वाइटाय) आणि ओमानकडचा लोबान (बॉसवेलिया सॅक्रा) यांची बियांपासून केलेली रोपं आहेत. गुग्गुळ फांदीवरून चटकन लागतो, पण त्याला तसा गलेलठ्ठ बुंधा येत नाही, म्हणून बीच धरलं. कुणी बी मागवणार असाल तर काळं तेवढं घ्या, पिवळट उगवत नाही.

अडचण पावसाची आहे. गुग्गुळ मूळचा कच्छ-राजस्थानचा. तिथेही तो पावसाळ्यातच पालवतो आणि उरलेलं बहुतेक वर्ष बिनपानांचा उभा असतो. म्हणजे जूनपासून त्याला पाणी हवंच. पण आपल्याकडे एकदा झड बसली की आठवडा आठवडा ऊन नाही. गेल्या आषाढात एका रोपाचा बुंधा मातीलगत दाबून बघितला तर अंगठा आत गेला. वरची कागदासारखी साल एरवीही सुटतेच, पण तिच्याखाली हिरवं असतं. इथे तपकिरी झालं होतं आणि गुग्गुळाच्या वासाऐवजी आंबूस वास येत होता. त्याच बियांची रोपं अथणीला माझ्या नणंदेकडे उघड्यावर छान वाढताहेत. तिकडे पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी.

कुंड्या मातीच्याच आहेत. आत चाळलेला तांबडा मुरूम, विटांचा चुरा, जाड वाळू आणि मूठभर गांडूळखत. मुरूम कितीही चाळला तरी त्यात चिकण राहतोच, असा माझा संशय आहे. त्याऐवजी जांभ्याची बारीक खडी कुणी वापरली आहे का? खानापूरकडच्यांनी तर नक्की सांगा की.

दुसरं, पारदर्शक पत्रा घालावा का? साध्या पत्र्याखाली उजेड कमी पडून फांद्या लांबट, लुळ्या होतात. पारदर्शकाखाली हवा कोंडून बुरशी धरेल अशी भीती वाटते.

लोबानाचं आणखी वेगळं. तो ओमानमधल्या धोफारच्या डोंगरांपलीकडे चुनखडीच्या खडकांवर वाढतो आणि आपली तांबडी माती आम्ल. मिश्रणात चुनखडीचे खडे घालावेत का, आणि किती? थंडीत त्याची पानं गळतात, तेव्हा पाणी पूर्ण तोडायचं की महिन्यातून एखादा घोट द्यायचा?

चीर देऊन डिंक काढायचे सल्ले मात्र कृपा करून देऊ नका. रानातला गुग्गुळ बेसुमार चिरा देऊन देऊनच संपत आलाय, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. ही कोवळी रोपं नुसती जगली, फोफावली तरी मला पुष्कळ आहे.

निपाणी, चिकोडी, चंदगड, कुठलेही असा, पावसाळा काढलेल्या झाडाचा आणि त्याच्या मातीचा फोटो टाका. मृग निघायच्या आत पत्र्याचं ठरवायचं आहे.