मॅडलिन मरे ओ'हेअरवरचा चित्रपट: खटला मागे आणि अपहरण पुढे, हे पटतं का? ('दस्तऐवज', 'मध्यंतर' आणि 'शिळाप्रेस' या नावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

दस्तऐवज

'द मोस्ट हेटेड वुमन इन अमेरिका' (२०१७, दिग्दर्शक टॉमी ओ'हेव्हर, मुख्य भूमिकेत मेलिसा लिओ) दीड तासाचा आहे. १९९५ साली टेक्ससमधल्या ऑस्टिनहून नास्तिकांच्या 'अमेरिकन एथिइस्ट्स' संस्थेची संस्थापक मॅडलिन, तिचा मुलगा जॉन आणि नात रॉबिन यांचं अपहरण झालं. चित्रपटाचा कणा तोच आहे, बाकी आयुष्य मागे जाऊन तुकड्यातुकड्याने येतं. माझा आक्षेप यालाच आहे. या बाईला देशभर शिव्या बसल्या त्या सरकारी शाळेतल्या प्रार्थनेविरुद्धच्या खटल्यामुळे, आणि तो खटला नेमका काय होता हेच चित्रपट पाहून कळत नाही.

बाल्टिमोरच्या शाळा मंडळाचा १९०५ सालचा नियम होता: दिवस सुरू करताना बायबलमधला एक अध्याय काही भाष्य न करता वाचायचा, किंवा प्रभूची प्रार्थना म्हणायची, किंवा दोन्ही. मॅडलिनने १९६० साली विरोध केला तेव्हा मंडळाने नियम काढला नाही. पालकांनी मागितली तर मुलाला सूट, एवढी भर घातली. खटल्याची खरी गाठ इथे आहे. सूट दिल्यावर 'सक्ती आहे' हा मुद्दा लंगडा पडतो. मग प्रश्न उरतो तो असा: कुणावर जबरदस्ती नसली तरी सरकारी शाळेने प्रार्थना घडवून आणावी का? मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयात ती ४ विरुद्ध ३ अशी हरली. वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, १७ जून १९६३ रोजी ८ विरुद्ध १ असा निकाल तिच्या बाजूने लागला.

शिवाय ती एकटी नव्हती. निकालाला नाव आहे ते पेनसिल्व्हेनियातल्या शेंप कुटुंबाचं. तिथे रोज बायबलमधली किमान १० वचनं वाचण्याचा कायदा होता. शेंप मंडळी नास्तिक नव्हती, युनिटेरियन (ख्रिस्ती परंपरेतून आलेला उदारमतवादी पंथ) होती. आणि त्याच्या वर्षभर आधी, १९६२ साली, न्यूयॉर्कची सरकारी प्रार्थना एंगल खटल्यात रद्द झालीच होती. हे सगळं गाळलं की 'एका बाईने शाळेतून देव हाकलला' हा जुना गैरसमज जसाच्या तसा राहतो.

मध्यंतर

साफ असहमत. तुम्ही मागताय तो माहितीपट. १९६० ते ६३ ही अडीच वर्षं म्हणजे अर्ज, तारखा आणि अपिलं. पडद्यावर त्याचं काय करणार?

अपहरणात मात्र नाट्याला लागतं ते सगळं आहे. एकमेकांवाचून पान न हलणारी तीन माणसं सॅन अँटोनियोच्या मोटेलमध्ये महिनाभर डांबलेली. डांबणारा डेव्हिड वॉटर्स हा त्यांच्याच कार्यालयातला जुना माणूस. त्याने संस्थेचे ५४,००० डॉलर लाटले, गुन्हा कबूल केला. त्यावर मॅडलिनने संस्थेच्या पत्रकात त्याची जुनी गुन्हेगारी, अल्पवयात केलेल्या खुनासकट, छापून टाकली. तिची लेखणी जशी चर्चवर चालायची तशीच त्याच्यावर चालली आणि तो सूडाला पेटला. म्हणजे अपहरण काही बाहेरून चिकटवलेलं नाही. तिच्या स्वभावातून ते थेट उगवतं. एक बंद खोली आणि तिच्यातून मागे जाणाऱ्या वाटा, ही रचना मला योग्यच वाटते.

दस्तऐवज

नाट्य नाही कसं? मंडळाने सूट देऊ केली तो क्षण घ्या. तिचा थोरला मुलगा, चौदा वर्षांचा विल्यम, समोर तडजोड. तिच्यावर थांबलं तर पोराचा शाळेतला छळ कदाचित थांबेल, पण लढा तिथेच संपेल. आईने सूट घेतली, पण थांबायला नकार दिला. पुढे १९८० साली विल्यम ख्रिस्ती झाला आणि तिने त्याच्याशी संबंध कायमचा तोडला, त्याची मुळं इथे दाखवता आली असती. एका खोलीत, दोन पात्रांत होणारा प्रसंग आहे हा.

मध्यंतर

हा प्रसंग हवा होता, मान्य. रचनेबद्दलचं मत मात्र तेच.

शिळाप्रेस

दोघांच्याही नजरेतून निसटलेली गोष्ट म्हणजे पत्रकाराचं पात्र. ॲडम स्कॉटने केलेला जॅक फर्ग्युसन काल्पनिक आहे. प्रत्यक्षात शोध लावला तो 'सॅन अँटोनियो एक्सप्रेस-न्यूज'च्या जॉन मॅकॉर्मॅक यांनी, आणि त्याला वर्षं लागली. पडद्यावर तो शोध इतका आवळला आहे की त्यातली खरी वेदनाच हरवते.

घरात मॅडलिनची मधुमेहाची औषधं तशीच होती, कुत्री मागे राहिली होती. दारावर चिठ्ठी होती की तातडीच्या कामाने गावाबाहेर जातोय. सप्टेंबरभर जॉन आणि रॉबिन मोबाइलवर बोलत होते, त्यामुळे सज्ञान माणसं आपल्या मर्जीने गेली असं पोलिसांनी धरलं. संस्थेच्या न्यूझीलंडमधल्या खात्यातून ६ लाखांहून जास्त डॉलर काढलेले दिसले, तेव्हा तर 'पैसे घेऊन पळाली' हे तिच्या अनुयायांनाही पटलं. तो पैसा कुठे गेला? जॉनकडून ६ लाख डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांची मागणी नोंदवून घेतली गेली, ५ लाखांची हातात आली. ती भाड्याच्या गोदामात ठेवली आणि या कटाशी काडीचा संबंध नसलेल्या भुरट्या चोरांनी कुलूप उघडून लंपास केली.

२ ऑक्टोबर १९९५ रोजी डॅलसजवळ नदीकाठी डोकं आणि हात नसलेला मृतदेह सापडला. तो कटातलाच डॅनी फ्राय, हे १९९९ साली डीएनएवरून ठरलं, आणि ती सांगड घालून दिली मॅकॉर्मॅक यांनी. तिघांचे अवशेष जानेवारी २००१ मध्ये कॅम्प वूडजवळच्या रानात मिळाले. मॅडलिनची ओळख पटायला तिचा कृत्रिम खुबा उपयोगी पडला. साडेपाच वर्षं गेली. बेपत्ता झालेली बाई लोकांच्या आवडीची असती तर एवढी लागली असती का, हा प्रश्न चित्रपटाने धसास लावायला हवा होता.

मध्यंतर

चोरीला गेलेल्या नाण्यांबद्दल सहमत. पण तिच्या पैशांच्या व्यवहारांवर चित्रपट पांघरूण घालत नाही, हेही सांगा. पाद्री बॉब हॅरिंग्टनबरोबर तिने गावोगाव वादसभा केल्या त्या १९७७ साली. पीटर फोंडाने तो पाद्री केलाय. मंचावर हाडवैरी आणि मंचामागे धंद्यातले भागीदार, हे नास्तिक चळवळीतल्या लोकांना झोंबणारं आहे, तरी दाखवलंय.

दस्तऐवज

झोंबलं तरी चालेल, खरं असलं म्हणजे झालं. माझी तक्रार तिला देवी न केल्याची नाहीच. रॉबिनबद्दल तर कुणी बोललंच नाही. ती विल्यमचीच मुलगी, आजीने दत्तक घेऊन वाढवलेली. म्हणजे गोदामातल्या नाण्यांसाठी विल्यमची आई, भाऊ आणि लेक अशी तिघं गेली. हरवल्याची तक्रारसुद्धा त्यानेच केली, तीही वर्षभराने. अवशेष ताब्यात घेऊन ऑस्टिनमध्ये दफन केलं तेही त्यानेच. थडग्यावर खूण ठेवली नाही, आणि बाप्टिस्ट (एक प्रोटेस्टंट पंथ) मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत म्हणून तिथे प्रार्थनाही म्हटली नाही. मला विचाराल तर शेवटचं दृश्य हे हवं होतं.