ढेकूण आधीपासूनचे, मग पेस्ट कंट्रोलचा खर्च माझ्या माथी का?

प्रश्न:
भाड्याच्या घरात येऊन अठरा दिवस झाले. चौथ्याच दिवशी मुलीच्या हातावर ओळीने लाल गांधी उठल्या. आधी डास वाटले. परवा रात्री टॉर्च घेऊन पलंग तपासला (पलंग घरमालकांचाच आहे), तर फळीच्या सांध्यात काळे ठिपके, वाळलेल्या काती आणि जिवंत ढेकूण. घरमालक म्हणतात, तुमच्या सामानातून आले, तुम्हीच निस्तरा. करारात किडींबद्दल एक अक्षर नाही. पोर झोपेला घाबरायला लागली आहे, ते जास्त लागतं. खर्च कोणी करायचा?

प्रतिसाद १:
काती फेकू नका! ढेकूण पूर्ण वाढेपर्यंत पाच वेळा कात टाकतो. अंड्यापासून धरलं तर महिनाभर तरी जातोच. मोठा झाला की कात टाकत नाही. सांध्यात लहानमोठ्या सगळ्या मापांच्या काती आहेत का ते पाहा. सामानातून मोठे ढेकूण आले असते तर अठरा दिवसांत तशा काती एकाच सांध्यात साचल्या नसत्या. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि तारखेसह लेखी कळवा. फोनवरचं बोलणं पुढे कुणी मानत नाही.

प्रतिसाद २:
मी स्वतः घरमालक आहे. वाळवी, भिंतीतल्या फटी, सांडपाण्याच्या पाइपातून येणारी झुरळं हे माझ्याकडे. भाडेकरूने कचरा साठवून झुरळं वाढवली तर ते त्याच्याकडे. तुमच्या बाबतीत पलंगच मालकाचा, म्हणून माझ्या मते खर्चही त्यांचा. एक नक्की करा: दोन्ही फवारण्यांचं आत्ताच ठरवून घ्या. बऱ्याच औषधांनी अंडी मरत नाहीत, ती आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी लागते. वाद नेमका त्या दुसऱ्या बिलावर होतो. आणि दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका, ढेकूण मागोमाग तिथेही येतात.

प्रश्नकर्ती:
पुन्हा पाहिलं. सांध्यात चार वेगवेगळ्या मापांच्या काती सापडल्या, काही मोहरीपेक्षा बारीक. फोटो, ताबा घेतल्याची तारीख आणि दोन्ही फेऱ्यांच्या खर्चाची मागणी असं सगळं मेलने पाठवलं. घरमालक उद्या स्वतः पाहायला येतो म्हणाले. तोवर पलंग हलवत नाही. मुलीची पांघरुणं गरम पाण्यात धुऊन पिशवीत घट्ट बांधून ठेवली आहेत.