गायक गेल्यावर बँडने जुने नाव चालवावे का?

तबकडी

ज्या रॉक बँडची ओळख एका आवाजावर उभी आहे, त्या बँडने तो आवाज कायमचा थांबल्यावर जुने नावही खाली ठेवावे, असे माझे मत आहे. विरोध व्हावा म्हणूनच ते जरा ठासून मांडतो आहे. उरलेल्या वादकांनी वाद्ये गुंडाळून घरी बसावे, असे माझे म्हणणे नाही. त्यांनी नवी गाणी करावीत, जुनीही वाजवावीत, फक्त फलकावर नवे नाव लिहावे.

माझ्यापुढे आदर्श आहे तो जॉय डिव्हिजनचा. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर निघण्याच्या तोंडावर, गायक इयान कर्टिसने आयुष्य संपवले. चौघांपैकी कोणी एक जरी बाहेर पडला तरी हे नाव वापरायचे नाही, असे त्यांचे आधीच ठरलेले होते, आणि उरलेल्या तिघांनी तो शब्द पाळला. त्यांनी न्यू ऑर्डर हे नाव घेतले, गाण्याची फारशी सवय नसलेल्या बर्नार्ड समनरने माइक हाती घेतला आणि दोन-तीन वर्षांतच ते ड्रम मशीन आणि सिंथेसायझरच्या अशा वाटेला लागले की जुन्या नावाचे ओझे डोक्यावर असते तर त्या वाटेवर पाऊल टाकण्याचे धैर्यच त्यांना झाले नसते. नाव सोडले म्हणून हात मोकळे झाले, असे मी समजतो.

याच्या उलट डोअर्सचे पाहा. त्यांचा गायक जिम मॉरिसन ३ जुलै १९७१ रोजी पॅरिसमध्ये गेला. उरलेल्या तिघांनी त्याच वर्षी एक आणि १९७२ मध्ये आणखी एक असे दोन अल्बम त्याच नावाने काढले. त्यांतले वादन मुळीच वाईट नाही. पण डोअर्सचे अल्बम किती, असे एखाद्या कट्टर चाहत्याला विचारले तर तो सहा म्हणतो आणि गप्प बसतो. ते दोन अल्बम कोणी बंदी घालून पुसले नाहीत, ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीतून आपोआप गळून पडले. चाहत्यांच्या या मुक्या निवाड्याला मी मोल देतो.

खर्ज

आपले म्हणणे मनापासूनचे आहे, पण आपण उदाहरणे सोयीची निवडली आहेत, आणि रॉकच्या इतिहासातले सर्वांत मोठे उदाहरण आपण वळसा घालून टाळले आहे. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये गेला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ब्रायन जॉन्सन आला आणि जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ बाजारात आला. संपूर्ण काळे मुखपृष्ठ आणि पहिल्याच गाण्याच्या आरंभी टोले देणारी घंटा, असा तो अल्बम म्हणजे उघड उघड शोक आहे, आणि तरीही तो जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक ठरला. आपल्या नियमाप्रमाणे हा अल्बम त्या नावाने निघायलाच नको होता. वेगळ्या नावाने तो निघाला असता, तर बॉनच्या मृत्यूची काळी चौकट त्याला कशी लाभली असती? शोक त्याच घरातला होता, म्हणून तो ऐकू आला.

दुसरी गोष्ट त्याहून अडचणीची आहे. बॉन स्कॉट हा स्वतः बदली गायक होता. त्याच्या आधी डेव्ह इव्हान्स गात असे आणि बॉन १९७४ मध्ये आला. लिंकिन पार्कचेही तेच आहे. चेस्टर बेनिंग्टन १९९९ मध्ये आला, त्याआधी बँडचे नाव वेगळे होते आणि गायकही वेगळा होता. म्हणजे आपण ज्याला मूळ आवाज म्हणतो तो पुष्कळदा दुसरा आवाज असतो, आणि पहिल्याचा दावा आपल्याला ठाऊक नसतो एवढेच.

या साखळीची पुढची कडी तर गमतीची आहे. २०१६ मध्ये श्रवणशक्ती जाण्याच्या धोक्यामुळे जॉन्सनला दौरा अर्धवट सोडावा लागला आणि राहिलेले कार्यक्रम अ‍ॅक्सल रोझने केले. त्या वेळी किती जणांनी ‘मूळ गायकाशिवाय हा बँडच नव्हे’ अशी हाकाटी केली होती, हे आठवते का? ३६ वर्षांपूर्वी ज्याला उपरा म्हटले गेले, तोच तोवर मूळ पुरुष होऊन बसला होता.

ठेका

मी ड्रम वाजवतो, त्यामुळे माझी तक्रार वेगळी आहे. ‘आवाज’ या शब्दाचा अर्थ आपण दोघांनीही गळ्यातून निघणारा आवाज असाच का धरला आहे?

द हूचा कीथ मून ७ सप्टेंबर १९७८ रोजी गेला, लेड झेपेलिनचा जॉन बॉनम २५ सप्टेंबर १९८० रोजी. दोघेही ड्रमर होते आणि मृत्यूसमयी दोघांचेही वय ३२ होते. द हूने केनी जोन्सला घेऊन काम चालू ठेवले. झेपेलिनने त्याच वर्षी ४ डिसेंबरला निवेदन काढून आपण पूर्वीसारखे पुढे जाऊ शकत नाही असे सांगितले, आणि एवढा प्रचंड व्यवसाय त्या कागदावर थांबला. जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट दोघेही जिवंत आणि भरात असताना, मागे बसणाऱ्या माणसासाठी बँड बंद झाला, याचे मला आजही अप्रूप वाटते. बॉनम तालाच्या किंचित मागे रेलून वाजवत असे; त्या रेलण्यावर पेजची गिटार टेकलेली होती. तो टेकू काढल्यावर सूर तेच राहिले असते, पण ते उभे राहिले नसते.

याचा पुरावाही उपलब्ध आहे. १९८५ मध्ये लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमाच्या मंचावर फिल कॉलिन्स आणि टोनी थॉम्प्सन असे दोन नामांकित ड्रमर घेऊन ते उभे राहिले, आणि ते सादरीकरण इतके विस्कटले की पुढे त्या कार्यक्रमाच्या अधिकृत डीव्हीडीत ते घेऊ नये, असे बँडनेच सांगितले. त्यानंतर १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरेनामध्ये बॉनमचाच मुलगा जेसन ड्रमवर बसला, तेव्हा मात्र बैठक जमली. त्यांनी तिथेच थांबण्याचे शहाणपण दाखवले, हे आणखी विशेष.

तेव्हा प्रश्न गायकाचा नाही. ज्याच्यावर बाकीचे टेकले होते तो कोण, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक बँडमध्ये वेगळे निघते.

तबकडी

खर्ज, आपला पहिला मुद्दा मी मान्य करतो. ‘बॅक इन ब्लॅक’ हा माझ्या नियमाला अपवाद आहे आणि तो पचवणे मला कधीच जमलेले नाही. मात्र मालकम आणि अँगस हे यंग बंधू त्या बँडचा कणा होते, गिटारचे ते कोरडे, काटकोनी रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटी, हीच त्याची खरी वाणी होती. म्हणजे ठेका यांच्या भाषेत बोलायचे तर टेकू शाबूत होता.

नाव चालवायचेच असेल, तर क्वीनने काढलेली वाट मला सभ्य वाटते. फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी गेला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर पुढे पॉल रॉजर्सबरोबर आणि नंतर अ‍ॅडम लॅम्बर्टबरोबर फिरले, तेव्हा फलकावर क्वीन, मग अधिकचे चिन्ह आणि मग पाहुण्याचे नाव, असे लिहिले जाई. ते एवढेसे चिन्ह श्रोत्याशी प्रामाणिक आहे. बेसवादक जॉन डीकन मात्र १९९७ नंतर या कशातच आला नाही. त्याची ती अनुपस्थिती मला फार बोलकी वाटते.

चौथी तार

आपण सगळे नावाविषयी असे बोलत आहात, जणू ते हवेत तरंगणारी पवित्र वस्तू आहे. नाव ही मालमत्ता असते, आणि तिचा निवाडा भावनेने होत नाही.

तबकडी यांनी डोअर्सची गोष्ट १९७२ मध्येच सोडून दिली. ती पुढे जास्त उद्बोधक आहे. २००२ मध्ये रे मँझारेक आणि रॉबी क्रीगर यांनी इयान अ‍ॅस्टबरीला गायक म्हणून घेतले आणि ‘एकविसाव्या शतकाचे डोअर्स’ अशा अर्थाचे नाव लावून दौरे सुरू केले. ड्रमर जॉन डेन्समोर न्यायालयात गेला, मॉरिसनचे वारसही गेले, आणि नाव वापरण्यास मनाई झाली. हे शक्य झाले, कारण उत्पन्नाचे चार समान वाटे आणि प्रत्येकाला नकाराधिकार, ही व्यवस्था मॉरिसनच्या हयातीतच ठरलेली होती. चौघांपैकी एकानेही नाही म्हटले तर नाही. विशी-पंचविशीतल्या मुलांनी असा करार केला, यापुढे मला त्यांची सगळी बंडखोरी फिकी वाटते. आणि त्या कराराचा उपयोग कोणी केला? ज्याच्याकडे चाहते कधी वळूनही पाहत नाहीत, त्या ड्रमरने.

लिनर्ड स्किनर्डची कथा याहून कडू आहे. २० ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांचे विमान इंधन संपून मिसिसिपीत कोसळले. गायक रॉनी व्हॅन झँट, गिटारवादक स्टीव्ह गेन्स आणि त्याची बहीण कॅसी यांच्यासह सहा जण गेले. नवा अल्बम बाजारात येऊन तीनच दिवस झाले होते आणि त्याच्या मुखपृष्ठावर बँड ज्वाळांनी वेढलेला होता. ते चित्र मागे घ्यावे लागले. हे नाव पुन्हा वापरायचे नाही, असे वाचलेल्यांनी शपथपूर्वक ठरवले. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, रॉनीचा धाकटा भाऊ जॉनी गायला उभा राहिला आणि दौरा जुन्याच नावाने निघाला. रॉनीच्या पत्नीने दावा लावला आणि शेवटी नाव कसे वापरायचे याची तडजोड झाली. ५ मार्च २०२३ रोजी गॅरी रॉसिंग्टन गेला, तेव्हा संस्थापकांपैकी अखेरचा दुवा तुटला, पण बँड फिरतोच आहे. खर्ज, ‘शोक त्याच घरातला’ हे आपले वाक्य इथे लावून पाहा. घर तेच आहे, राहणारे कोणीच उरले नाहीत.

खर्ज

लावून पाहिले, आणि मला ते तितके भयंकर वाटले नाही. जॉनी रॉनीपेक्षा अनेक पटींनी अधिक वर्षे त्या मंचावर गायला आहे. समोर उभ्या असलेल्या श्रोत्यांपैकी बहुतेकांनी रॉनीला प्रत्यक्ष पाहिलेलेच नाही. ते फसवले जात आहेत असे मानणे म्हणजे त्यांना अडाणी समजणे होय. आपण कशासाठी आलो आहोत हे त्यांना नीट ठाऊक असते.

शिवाय मृत्यूच का, असाही प्रश्न आहे. पिंक फ्लॉइडला नाव दिले ते सिड बॅरेटने, आरंभीची गाणी त्याची, आणि १९६८ मध्ये त्याच्या ढासळत्या मनःस्थितीमुळे त्याला वगळून बँड पुढे गेला. १९७५ मध्ये त्याच्याच आठवणीने भरलेल्या अल्बमचे काम चालू असताना तो अ‍ॅबी रोड स्टुडिओत अचानक आला, तेव्हा भुवया काढलेल्या त्या स्थूल माणसाला त्याच्या जुन्या सोबत्यांनीही लगेच ओळखले नाही. तबकडी यांचा नियम तेव्हा पाळला गेला असता, तर बॅरेटला वाहिलेले सर्वांत सुंदर संगीत वेगळ्या नावाने आले असते, आणि नावाचा जनक बाहेर आणि नाव आत ही जी जखम त्या अल्बममध्ये ठसठसते, ती उरली नसती.

जुनी कॅसेट

ग्रेटफुल डेडचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. त्यांचा गायक-गिटारवादक जेरी गार्सिया ९ ऑगस्ट १९९५ रोजी गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उरलेल्यांनी नाव निवृत्त केले. पुढे ते निरनिराळ्या नावांनी वाजवत राहिले. पण त्यांच्या चाहत्यांना नावाची फिकीर नव्हतीच, कारण बँडने त्यांना कार्यक्रम रेकॉर्ड करू दिले होते. १९८४ पासून तर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी प्रेक्षागारात वेगळी जागा असे. हजारो कॅसेट हातोहात फिरल्या, पैशाने नव्हे तर अदलाबदलीने. अमुक तारखेचा अमुक शहरातला कार्यक्रम, त्यातला तिसऱ्या गाण्यातला चुकलेला सूर, हे सगळे चाहत्यांनी जपले. जिथे स्मरण असे लोकांच्या हाती असते, तिथे फलकावर काय लिहावे, हा वादच दुय्यम होतो.

नवखी

मी लिंकिन पार्क ऐकू लागले ती सप्टेंबर २०२४ नंतर, म्हणजे एमिली आर्मस्ट्राँग गायिका म्हणून आल्यावर. तिच्यामुळे मी मागे गेले आणि चेस्टरपर्यंत पोहोचले. नाव बदलले असते तर तो रस्ताच नसता. आपल्यापैकी प्रत्येकाचा ‘खरा’ बँड हा तो ज्या वर्षी त्या संगीतापाशी पोहोचला त्या वर्षीचा असतो, असे मला हा सगळा वाद वाचून वाटले. यात कोणाचा अनादर करण्याचा हेतू नाही.

तबकडी

अनादर झालेला नाही. वार मात्र बरोबर जागी बसला. मी डोअर्सपाशी पोहोचलो तेव्हा मॉरिसन कधीच गेलेला होता, आणि तरीही मी त्याचा द्वारपाल होऊन बसलो आहे. नाव सोडावे हे मत मी अजून सोडलेले नाही. गायक रॉनी जेम्स डिओ २०१० मध्ये गेला आणि काही वर्षांनी त्याची प्रकाशप्रतिमा (होलोग्राम) जिवंत वादकांपुढे गाऊ लागली. निदान त्या प्रकाराला तरी आपण सगळे मिळून नकार देऊ, अशी आशा आहे.

ठेका

प्रकाशप्रतिमेला माझा नकार आहेच; तिच्यापुढे वाजवणाऱ्या ड्रमरला गायकाकडे पाहून ठेका अंशभरही मागे-पुढे करता येत नाही, एवढे कारण मला पुरे आहे. पण जाता जाता एक अवघड प्रकरण ठेवतो. रशचा ड्रमर नील पर्ट ७ जानेवारी २०२० रोजी गेला. गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच नावाने नवा दौरा जाहीर केला, ड्रमवर जर्मनीची अनिका निलेस. पर्टच्या पत्नीने आणि मुलीने पाठिंबा दिला आहे. रशच्या १९७४ मधल्या पहिल्या अल्बमवर पर्ट नव्हता, जॉन रट्सी होता, हेही खर्ज लगेच सांगतील. हे सगळे मला पटते. तरीही त्या दौऱ्याचे पहिले रेकॉर्डिंग ऐकताना मी पहिली काही मिनिटे पर्टच्या ठरलेल्या जागा एकेक करून मोजणार, हे मला आत्ताच माहीत आहे. अनिकाला ऐकायला लागेन ते त्यानंतर.