जुनाट डिप्रेशन: थेरपीनंतर मेंदूच्या स्कॅनमध्ये नेमकं काय बदलतं?

तिरपीरेघ: दोन वर्षांहून जास्त चाललेल्या डिप्रेशनमध्ये थेरपीने ‘अमिग्डला (मेंदूतला भीती-भावनांशी जोडलेला भाग) शांत होतो’ असं सारखं वाचायला मिळतं. हे मोजतात कसं? आणि आधी-नंतर एफएमआरआय (मेंदूचा कोणता भाग किती सक्रिय होतो ते दाखवणारा स्कॅन) काढला तर थेरपी लागू पडली की नाही ते कळेल का?

चेतापेशी: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, पैसे घालवू नका. एकाच माणसाच्या अमिग्डलाच्या प्रतिसादाचा आकडा काहीही उपचार न करताही दोन स्कॅनमध्ये बराच हलतो. त्यात मधेच औषध बदललं असेल तर संपलंच. एसएसआरआय या डिप्रेशनच्या नेहमीच्या औषधांनीही तो प्रतिसाद उतरतो.

गटाची सरासरी मात्र बोलते. बुखहाइम आणि सहकाऱ्यांचा 2012 चा जर्मन अभ्यास बघा: औषध न घेणारे, वारंवार डिप्रेशन येणारे 16 पेशंट आणि 17 निरोगी लोक. सगळ्यांना सरसकट रागीट चेहरे दाखवले नाहीत. एकटेपणा, ताटातूट अशा चित्रांवर ज्याने जे सांगितलं होतं, त्यातलीच वाक्यं त्याला स्कॅनरमध्ये दाखवली आणि तटस्थ वाक्यांशी तुलना केली. पेशंटमध्ये सुरुवातीला वाढलेला प्रतिसाद 15 महिन्यांच्या सायकोडायनॅमिक थेरपीनंतर (मनातले दडलेले संघर्ष आणि जुनी नाती उलगडणारी थेरपी) भावना-आठवणींशी जोडलेल्या या भागांत उतरला: डावा अमिग्डला व हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग, सबजेन्युअल सिंग्युलेट, मीडियल प्रीफ्रंटल. खोट एकच, पण मोठी: थेरपी न घेतलेले पेशंट तुलनेला नव्हते. त्यामुळे किती थेरपीने आणि किती काळाने, हे वेगळं काढता येत नाही.

उशिराचा_सिग्नल: प्रतिसाद किती वर जातो याइतकंच तो किती वेळ टिकतो तेही बघा. सीगल आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नकारात्मक शब्दानंतर लगेच भावनेशी संबंध नसलेलं काम दिलं. निरोगी लोकांचा अमिग्डला खाली आला, डिप्रेशनवाल्यांचा पुढची 25 सेकंद तापलेल्या तव्यासारखा राहिला. स्कॅनरमधल्या ट्रायल (एक शब्द आणि त्यानंतरचं काम, अशी एकेक फेरी) आखूड ठेवल्या की ही शेपूट पुढच्या ट्रायलमध्ये मिसळते, आणि मग ‘फरक नाही’ असा निष्कर्ष निघतो.

तिरपीरेघ: मग जुनाट डिप्रेशनसाठी थेरपी कोणती? आणि मोजायचं कशाने?

चेतापेशी: खास त्यासाठीच बेतलेली म्हणजे मानसशास्त्रज्ञ मॅकलॉ यांची सीबास्प (CBASP) ही थेरपी. 2000 सालच्या 681 पेशंटच्या चाचणीत 12 आठवड्यांनी फक्त नेफाझोडोन या डिप्रेशनवरच्या औषधाने 48 टक्के, फक्त सीबास्पने 48, दोन्ही मिळून 73 टक्के पेशंटना फरक पडला.

सीबास्पचा गाभा प्रसंग-विश्लेषणाचा. एकच प्रसंग घ्यायचा, त्याला सुरुवात आणि शेवट ठरवायचा. तुम्ही काय अर्थ लावला, काय केलंत, काय झालं, काय व्हायला हवं होतं, आणि ते का झालं नाही? गाडी अडते ती ‘काय व्हायला हवं होतं’ इथे. पेशंट म्हणतो, ‘साहेबांनी माझं ऐकायला हवं होतं.’ हे चालत नाही, साहेब त्याच्या हातात नाहीत. ‘मी दोन दिवस मुदत मागायला हवी होती’ हे चालतं.

मोजायला पीएचक्यू-9 ही डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली पुरे, दर दोन आठवड्यांनी. 27 पैकी 5 गुण उतरले तर दखल घेण्याजोगं. नववा प्रश्न मात्र बेरजेत हरवू देऊ नका: तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य नसेल तर त्याच सेशनमध्ये थेट विचारायचं.